पहिल्या कार्डाला कुंकू

श्रीरामपूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. आण्णा आणि मी ठीक आहोत, तूही बरी असशील. थंडी यंदा उशिरा आली, पण आली ती मुक्कामालाच. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता दिवसभर अडलेला असतो आणि वारा फिरला की सगळ्या गावाला मळीचा वास येतो. तुला तो वास कधीच आवडला नाही. मला आता त्याशिवाय जानेवारी वाटत नाही.

फोन हातात असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं तुझ्या मनात येईल. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आठव. तू विचारतेस, "काय चाललंय?" मी म्हणते, "ठीक." मी विचारते, "तुझं?" तू म्हणतेस, "काम." मग मी आण्णांचं नाव काढते आणि तुला नेमका दुसरा फोन येतो. पत्र लिहिताना दुसरा फोन येत नाही.

शिवाय सवय आहे. शाळेत सिस्टर फिलोमिना आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. तारीख वर, डावीकडे दोन बोटं समास, आणि "मुलींनो, आधी हवापाणी, मग खरं काय ते." हवापाणी झालं. खरं काय ते यायला मला जरा वेळ लागेल.

तोवर छापखान्याची बातमी सांगते. आपल्या कानिफनाथ मुद्रणालयात लग्नपत्रिका अजून छापतात, पावतीपुस्तकं छापतात. व्हिजिटिंग कार्डांचं मात्र तू म्हणाली होतीस तसंच झालं. नागापूरच्या एमआयडीसीतले कारखानेवाले, ज्यांची कार्डं आण्णा वर्षानुवर्षं छापत आले, ते आता नुसता फोन पुढे करतात, समोरचा त्यावरचा काळा चौकोन स्कॅन करतो आणि संपलं. खताचा दुकानदार तेच करतो, मंडपवालाही तेच करतो. शेवटी आण्णांनी संस्कृतीला परवानगी दिली. संस्कृती म्हणजे आपल्याकडे कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी मुलगी, तू गेल्यानंतर आली. बडबडी आहे पण कामाला वाघ. ती लोकांना फोनवरची कार्डं करून देते आणि दुकानात ठेवायला तोच चौकोन एका उभ्या पाटीवर छापून देते. ते काम चालू असलं की आण्णा पाठ फिरवून बसतात.

कोल्हारच्या भागूबाई तुला आठवत असतील, प्रवरेच्या पुलाजवळ मसाल्याचं कांडप आहे त्या. त्यांनीही ही पाटी करून नेली. आता आण्णांची पद्धत तुला ठाऊक आहे. कुणाचंही नवं कार्ड छापून झालं की गठ्ठ्यातलं पहिलं काढायचं, कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवायचं आणि गिऱ्हाइकाच्या उजव्या हातात द्यायचं. "हे वाटायचं न्हाई, देवापुढं ठेवायचं." एवढं झाल्याशिवाय त्यांनी कधी गठ्ठा बांधला नाही. पाटीला त्यांनी कुंकू लावलं नाही म्हणून भागूबाईंनी घरी जाऊन स्वतःच लावलं. आठवड्यानं पाटी काखेत मारून हजर.

"पोरी, तुझी पाटी मुकी झाली गं. मानसं फोन धरून उभी ऱ्हात्यात अन् काईच व्हत न्हाई."

संस्कृतीनं बघितलं तर चौकोनाच्या मधोमध मोठ्ठं कुंकू, त्यावर हळद आणि वर चार अक्षता चिकटवलेल्या.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? नव्या धंद्याला कुंकू लावू नको तर काजळ लावू?"

"अहो, चौकोन झाकला की फोनला वाचता येत नाही. कुंकू बाजूला लावायचं!"

"देवाला काय बाजूला लावती का?"

आण्णा पाठ फिरवून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी तसेच बसून म्हणाले, "संस्कृती, कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडत जा." तेव्हापासून प्रत्येक पाटीवर एक कोपरा रिकामा असतो. आम्ही त्याला कुंकवाची जागा म्हणतो.

अजिनाथ मात्र अजून कागदाचंच कार्ड मागतो. पाथर्डीकडचा जेसीबीवाला, विहिरी आणि शेततळी खणतो. त्याचं म्हणणं, "आमच्या डोंगरात फोनला रेंज न्हाई. कार्डाला रेंज लागत न्हाई." दिवाळीनंतर त्याची नवी कार्डं छापली. प्रूफ आण्णांनी स्वतः वाचलं. कार्डं बाजारात वाटून झाली आणि गड्याला एकही फोन येईना. शेवटी त्यानं दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या कार्डावरचा नंबर लावला. नंबरात तीनच्या जागी आठ पडला होता. फोन लागला नेवाश्याच्या एका मास्तरांना.

"मास्तर वैतागून गेल्ता, काकू," अजिनाथ सांगत होता. "म्हनला, सकाळधरनं लोक मला विहिरीची खोली सांगतायत. मी भूगोल शिकवतो, पृथ्वी खनत न्हाई."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. अजिनाथ चांगला आहे, रागावला नाही. जाताना म्हणाला, "आन्ना, तुमच्या हातनं चूक व्हती म्हंजी नवलच हाय. मनाला लावून घिऊ नका." आण्णाही हसले. नंतर उरलेला गठ्ठा त्यांनी स्वतः कटिंग मशीनखाली धरला.

आणि हो, पाडव्याला छापखाना बंद करायचं म्हणतात. पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन संगमनेरचा एक हॉटेलवाला शोभेसाठी नेणार आहे, दाराशी ठेवायला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कार्डं कोण छापतंय आता?" हे कारण पुरेसं आहे असं मी धरून चालले आहे.

आता खरं काय ते, थोडंसं.

मी रोज तुझं कार्ड बघते. संस्कृतीनं ते शोधून माझ्या फोनमध्ये ठेवून दिलं. दुपारी आण्णा जेवून छापखान्यात परत गेले की मी ओटा आवरते, चष्मा लावते आणि कार्ड उघडते. निळसर रंग, तुझा फोटो, खाली राजनंदिनी वाबळे, त्याखाली कंपनीचं नाव आणि पत्ता. कोथरूड जाऊन बाणेर आलं तेव्हा मला कार्डावरूनच कळलं. केस कापलेस तेही. पूर्वी पत्ता बदलला की लोक कार्डावरचा जुना पत्ता पेनानं खोडून वर नवा लिहायचे, आणि जुना खालून दिसत राहायचा. तुझ्या कार्डावर जुनं काही उरतच नाही. तू कोथरूडला होतीस की मलाच तसं वाटलं, असं होतं.

कार्डावरूनच तुमचं दोघांचं बिनसलं. नागापूरच्या त्या औद्योगिक प्रदर्शनात तुझा स्टॉल होता आणि आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कौतुकानं आले होते. तू त्यांना तुझं कार्ड दाखवलंस आणि त्यांनी चारचौघांत विचारलं, "बापाचं नाव कुठंय?" तुला त्यात काही सुचवायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पुण्यात सगळ्यांच्याच कार्डांवर नुसतं नाव-आडनाव असतं. पण आण्णांनी जन्मभर जी नावं जुळवली ती तीन शब्दांची. माणूस, त्याचा बाप, त्याचं घर. त्यांच्या हिशेबी मधला शब्द काढला की नाव मोडतं. तू म्हणालीस, "आण्णा, जागा वाचते." ते म्हणाले, "म्हणजे माझी जागा वाचवलीस." पुढे तुम्ही दोघं जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. ते कागदावर ठेवण्यासारखं नाही.

तेव्हापासून तू घरी आली नाहीस आणि ते बोलवत नाहीत.

स्वेटर घालत जा. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे, त्यांना माहीत नाही.

तुझी,
आई

*

श्रीरामपूर,
२७ जानेवारी २०२५

प्रिय नंदू,

आशीर्वाद. कुरिअरनं तिळगूळ पाठवला तो पोहोचला असेल. लाडू यंदा जरा कडक झालेत, दातांना जप. तुझं उत्तर आलं नाही. वाट बघत नव्हते, असं मी म्हणणार नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी मोठ्या गुपितासारखी सांगितली. आता समजलं की ते गुपित नव्हतंच. परवा संक्रांतीचं वाण घेऊन संस्कृतीकडे गेले होते. ती वाटी हातात घेऊन म्हणाली,

"काकू, एक सांगू का? तुम्ही कार्ड बघता ते ताईंना कळतं."

"कसं कळेल? मी तर काही दाबत नाही."

"न दाबता कळतं. कधी उघडलं, कुठल्या गावातून उघडलं, सगळं त्यांच्याकडे दिसतं. रोज श्रीरामपूर, श्रीरामपूर असं येत असणार."

मला इतकी लाज वाटली, नंदू. कुणाच्या खिडकीशी उभं असताना धरलं जावं तशी. मला वाटायचं मी पडद्याआडून बघते आहे, इथे तर पडदाच नव्हता. घरी येताना मात्र दुसरं मनात आलं. म्हणजे इतके दिवस आई बघते आहे हे तुला दिसत होतं, आणि तरी तू कार्ड बंद केलं नाहीस. उलट डिसेंबरात फोटो बदललास आणि कानात माझ्या मोत्याच्या कुड्या घातल्यास. धंद्याच्या फोटोत कुड्या कोण घालतं गं?

पण संस्कृती आणखी एक बोलून गेली होती. "सकाळचं पण दिसतं आणि दुपारचं पण."

"सकाळी मी कुठे बघते? सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते."

तिनं जीभ चावली. मग एकदम वाटी खाली ठेवली. "काकू, मी तुम्हा दोघांची गुपितं सांभाळून थकले. तुम्ही शपथ घातलीय आण्णांना सांगायचं नाही, आण्णांनी घातलीय तुम्हाला सांगायचं नाही. आता कुणाची मोडू?"

"मोडलीस की. आता वाण घे."

दुसऱ्या दिवशी आण्णांचा न्याहारीचा डबा घरी राहिला. राहिला म्हणजे मीच ठेवला. तो घेऊन सकाळी छापखान्यात गेले. संस्कृती यायची होती. आण्णा खिडकीच्या उजेडाला स्टूल ओढून बसले होते, फोन नाकाशी धरलेला, आणि दोन बोटांनी काचेवरचं अक्षर ताणून मोठं करत होते. त्या फोनवर एकच अक्षर दिसत होतं. 'रा.' मग बोटानं सरकवलं. 'ज.' मग 'नं.' पूर्वी ते शिशाचे खिळे एकेक उचलून नाव जुळवायचे, अगदी तसे. तुझं नाव ते रोज सकाळी असं जुळवतात.

मी डबा दाराशी ठेवला आणि तशीच परत आले.

आता जे लिहायचं नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं, ते लिहिते. आम्ही ठीक आहोत असं मागे लिहिलं, ते खरं नव्हतं. आण्णांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो आहे. नगरच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं घ्यायला जातो. उजव्या डोळ्याचं आता फारसं काही उरलं नाही, आणि डाव्यातलं मधलं धूसर होत चाललं आहे. कडेचं दिसतं. रस्ता दिसतो, दार दिसतं, ताटातली वाटी दिसते. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसलं जातं. दारात कोण आलं ते चालण्यावरून ओळखतात.

अजिनाथच्या कार्डावर तीनचा आठ झाला तो यामुळे. छापखाना बंद होतोय तो यामुळे. लोक कार्डं छापत नाहीत हे खरंच आहे, पण नुसतं तेवढंच असतं तर आण्णांनी पावतीपुस्तकांवर आणखी वीस वर्षं काढली असती. स्वतःच्या हातची चूक स्वतःला दिसत नाही, हे त्यांना सोसत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो, तेही हसले. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं. "आंधळ्याला बघायला म्हणून येणार असंल तर नको." हेच त्यांचे शब्द. म्हणून मी गप्प होते. फोनवर "ठीक" म्हणत होते.

पण त्या सकाळी मला एक गोष्ट दिसली ती तुला सांगायलाच हवी. त्यांनी स्वतः छापलेलं एकही कार्ड त्यांना आता वाचता येत नाही. चष्मा बदलला, भिंग आणलं, काही उपयोग नाही. भिंगाखाली कागदावरचं अक्षर वाढून वाढतं ते एवढंसंच. तुझं हवं तेवढं मोठं होतं. ज्या कार्डाला ते नावं ठेवत होते, तेवढंच एक त्यांना वाचता येतं, आणि त्यात ते रोज सकाळी काय शोधत असतील ते तुला मी सांगायला नको.

डाव्या डोळ्यात किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत. माझ्या मनात एवढंच आहे की त्याआधी त्यांनी तुला एकदा बघावं. पण मी ये म्हणत नाही. दया म्हणून येऊ नकोस. त्यांना दया चालत नाही आणि तुलाही चालत नाही, एकाच मुशीतले आहात दोघं. मी फक्त जे आहे ते कळवलं. वचन मोडलं याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

कार्डावर खाली "आपली माहिती पाठवा" असं येतं. काल चुकून त्यावर बोट पडलं. नाव विचारलं, मी 'आई' लिहिलं. काम विचारलं तेव्हा काय लिहावं सुचेना, म्हणून तसंच पाठवलं. लगेच उत्तर आलं, "धन्यवाद. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू." ते आपोआप येतं, असं संस्कृती सांगते. येऊ दे. मी ते पुसलं नाही.

तुझी,
आई

*

श्रीरामपूर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदू,

आज अक्षरं मोठी आहेत, छापखान्यातल्या काळ्या मार्करनं लिहिते आहे. एका पानावर जेमतेम चार ओळी मावतात. सिस्टर फिलोमिनांनी समास बघून कपाळाला हात लावला असता. पण हे पत्र पाकिटात जाण्याआधी आण्णा वाचणार आहेत. त्यांनीच मागितलं आहे.

सोमवारी दुपारी मी नेहमीसारखं तुझं कार्ड उघडलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग घरातल्याच चपला घालून छापखान्याकडे निघाले. गॅस बंद केला होता की नाही तेही आठवेना. अजिनाथ आला होता, दुरुस्त केलेली कार्डं न्यायला. मी सरळ आण्णांपुढे फोन धरला.

"काय हाय?"

"नंदूचं कार्ड. बघा."

"बघितलंय मी सकाळी," ते बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. संस्कृती कॉम्प्युटरमागे तोंड लपवून बसली.

मी म्हटलं, "सकाळी नव्हतं ते आता आहे."

त्यांनी फोन नाकाशी नेला, बोटांनी अक्षर मोठं केलं. रा. ज. नं. दि. नी. इथवर त्यांना पाठ होतं, बोट भराभर सरकत होतं. पुढे 'वा' यायचा, तिथे 'आ' आला.

बोट थांबलं.

मग एकेक. दि. ना. थ. अजिनाथला काहीच ठाऊक नव्हतं, तो बिचारा म्हणाला, "आन्ना, काय झालं? कुनाचा फोन हाय?"

"माझा," आण्णा म्हणाले. "गप बस जरा."

मग बोलले, काय तर म्हणे, "अक्षरं फार जवळ बसवलीत. श्वास घ्यायला जागा ठेवली न्हाई." मी ओळखलं की माणूस ठिकाणावर आहे. तसेच खाली सरकत गेले. "आणि ह्या कोपऱ्यात काहीच न्हाई. एवढी जागा वाया घालवली."

संस्कृती उठून आली. "आण्णा, अंगठा ठेवून बघा तिथे."

त्यांनी ठेवला. अंगठा बरोबर बसला. त्यांना समजलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, फळीवर हात फिरवून कुंकवाची डबी काढली. बोट काचेवर टेकवताना थोडं कुंकू तुझ्या कंपनीच्या नावावर सांडलं. फोन माझा होता, पण आता मला तो पुसायला देत नाहीत.

"तिला कोपऱ्याचं कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मी लिहिलं."

"आणखी काय लिहिलंस?"

"सगळं."

मला वाटलं आता भडकतील. ते नुसते डबीचं झाकण लावत राहिले. मग हळू म्हणाले, "मग तिनं नाव दयेनं घातलं असंल."

मी त्यांना काय सांगितलं ते तुलाही सांगते, चुकलं असेल तर सांग. मी म्हटलं, "दया आली असती तर तिनं मला एकटीला फोन केला असता, आणि रडली असती. तिनं कार्ड बदललंय. त्या कार्डाला एकच प्रत असते. तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना आज तुमचं नाव दिसतंय, पुण्याला दिसतंय, नागापूरला दिसतंय. तुम्ही चारचौघांत विचारलं होतं ना, बापाचं नाव कुठंय? तिनं चारचौघांतच सांगितलंय."

संध्याकाळी घरी येताना त्यांनी रस्त्यात दोन माणसांना थांबवून कार्ड दाखवलं. "माझी मुलगी," म्हणाले. दुसरा माणूस अनोळखी होता.

आता ते रोज नाव वाचून झालं की वर तुझ्या फोटोवर जातात. कपाळ बघतात, मग एक डोळा, मग दुसरा, मग कान. "ही तुझी कुडी," काल मला म्हणाले. पूर्ण चेहरा दिसेल एवढा लहान केला तर तो त्यांना दिसत नाही, आणि दिसेल एवढा मोठा केला तर काचेत मावत नाही. मागच्या पत्रात मी ये म्हटलं नव्हतं. आज म्हणते. जवळ येऊन समोर बसलीस की दिसशील, डॉक्टरांनीही तसं सांगितलं आहे.

आणखी एक. ट्रेडल मशीन न्यायला संगमनेरचा माणूस आला होता, त्याला त्यांनी पाडव्यानंतर ये म्हणून परत पाठवलं. शेवटचं एक काम राहिलंय म्हणाले. दोन दिवस बसून त्यांनी खिळे जुळवले. कुठल्या खणात कुठलं अक्षर ते त्यांच्या बोटांना ठाऊक आहे, तिथे डोळ्यांचं काम नाही. प्रूफ मात्र संस्कृतीकडून तीनदा वाचून घेतलं, फोन नंबर अजिनाथकडून एकेक आकडा म्हणवून घेतला. काल तुझी कागदाची कार्डं छापून झाली. तिन्ही शब्द आहेत, ऐसपैस बसवले आहेत.

तुला कागदाची कार्डं लागत नाहीत हे त्यांना माहीत आहे. ते म्हणतात, वाटू नकोस, ठेव.

मी म्हटलं, या पत्रासोबत एक पाठवून देऊ या. चिडले माझ्यावर. कुंकू लावलेलं पहिलं कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि बाकीचा गठ्ठा अजून बांधलेला नाही. पहिलं कार्ड पोस्टानं पाठवायचं नसतं.

तुझी,
आई

(खालची ओळ त्यांची आहे. तिरकी गेली, मी सरळ केली नाही.)

येताना उजवा हात मोकळा ठेव. आण्णा